वाचकांचे प्रश्न: ब्लॉक जोडून लिस्ट, ट्री आणि मेट्रोचा नकाशा

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न स्क्रॅच आणि स्नॅप या ब्लॉक जोडून प्रोग्राम लिहायच्या भाषांत डेटा स्ट्रक्चर (माहितीची मांडणी) कसे उभारायचे, कसे काढून दाखवायचे आणि त्यातून कसे फिरायचे याबद्दल आहेत. एक सूचना आधीच. उत्तरांत अंक मराठीत छापले आहेत, पण ब्लॉकमध्ये ते कीबोर्डवरच्या इंग्रजी अंकांतच टाका. त्याचे कारण शेवटून दुसऱ्या उत्तरात दिले आहे.

प्रश्न : आठवीच्या मुलांना स्क्रॅचमध्ये लिंक्ड लिस्ट (प्रत्येक नोंद पुढच्या नोंदीचा पत्ता सांगते अशी साखळी) शिकवायची आहे. पण स्क्रॅचच्या लिस्टमध्ये दुसरी लिस्ट ठेवता येत नाही आणि पॉइंटर (दुसऱ्या नोंदीचा पत्ता) तर नाहीतच. मग नोड (साखळीतला एक दुवा) करायचा कसा? (शिक्षिका, कोथरूड)

दोन लिस्ट शेजारी-शेजारी ठेवा, एकीचे नाव ‘मूल्य’, दुसरीचे ‘पुढचा’. तिसऱ्या ओळीचा नोड म्हणजे ‘मूल्य’ची तिसरी नोंद आणि ‘पुढचा’ची तिसरी नोंद. ‘पुढचा’मध्ये पुढच्या नोडचा ओळक्रमांक लिहायचा, आणि पुढे कोणीच नसेल तर ०. सुरुवात कुठून करायची हे ‘डोके’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये ठेवा. स्क्रॅचमध्ये लिस्टच्या ओळी १ पासून मोजल्या जातात, त्यामुळे ० हा क्रमांक रिकामाच असतो आणि ‘शेवट’ दाखवायला सोयीचा पडतो.

उदाहरणाला मेट्रोची स्थानके घ्या. १ वनाज, २ आनंदनगर, ३ आयडियल कॉलनी, ४ गरवारे कॉलेज. ‘पुढचा’मध्ये अनुक्रमे २, ३, ४, ०. मधले नळ स्टॉप राहिले. ते ‘मूल्य’च्या तळाशी पाचव्या ओळीत घाला. ‘पुढचा’च्या पाचव्या ओळीत तिसऱ्या ओळीतला आकडा म्हणजे ४ उतरवून घ्या आणि मगच तिसऱ्या ओळीत ५ लिहा. एकही नोंद जागची हलली नाही आणि क्रम बदलला, हे मुलांना पडद्यावर दिसले पाहिजे. म्हणून दोन्ही लिस्ट स्टेजवर उघड्या ठेवा.

मुले हमखास चुकतात ती या दोन पायऱ्यांच्या क्रमात. आधी तिसऱ्या ओळीत ५ लिहिले आणि मग तिथलाच आकडा पाचव्या ओळीत उतरवला, तर पाचव्याचा पुढचा पाचवाच होतो. फिरणारा लूप नळ स्टॉपवर गोल-गोल फिरत राहतो आणि गरवारे कॉलेज कायमचे हरवते.

फिरण्यासाठी ‘आत्ता’ हे व्हेरिएबल ‘डोके’इतके करा. मग ‘रिपीट अन्टिल’मध्ये मूल्य दाखवा आणि ‘आत्ता’मध्ये ‘पुढचा’ची ‘आत्ता’वी नोंद भरा. थांबण्याची अट ‘आत्ता = ०’ अशी न लिहिता ‘आत्ता < १’ अशी लिहा. एखाद्या ओळीत ० भरायचे राहून गेले तर तिथून कोरी नोंद येते. स्क्रॅचच्या लेखी कोरे म्हणजे शून्य नव्हे, त्यामुळे पहिल्या अटीचा लूप थांबतच नाही. दुसरी अट दोन्ही पकडते.

नोड वगळताना आधीच्या ओळीतला ‘पुढचा’ बदला आणि तिथेच थांबा. ‘डिलीट’ ब्लॉकने ओळ काढून टाकायचा मोह होतो, पण तसे केले की खालच्या सगळ्या ओळी एकेकाने वर सरकतात आणि त्यांच्याकडे बोट दाखवणारे सगळे आकडे एका घराने चुकतात. मोकळी झालेली ओळ ‘रिकाम्या’ नावाच्या तिसऱ्या लिस्टमध्ये नोंदवा. नवा नोड घालताना आधी तिथली ओळ वापरायची आणि ती लिस्ट कोरी असेल तरच तळाशी नवी जोडायची.

प्रश्न : बायनरी ट्री (प्रत्येक नोडखाली जास्तीत जास्त दोन नोड, म्हणजे डावे आणि उजवे मूल) पेनने काढायची आहे. प्रत्येक नोडची जागा हाताने टाकली तर चित्र येते, पण ट्री बदलली की सगळे पुन्हा करावे लागते. शिवाय रेघा गोलांच्या वरून जातात. (विद्यार्थी, सदाशिव पेठ)

जागा हाताने टाकलेले चित्र म्हणजे ट्रीपासून तुटलेले चित्र. डेटात चूक असली तरी ते सुबकच दिसते, म्हणून त्याचा उपयोग शून्य. चित्र ट्रीमधून फिरता-फिरता निघायला हवे. मग लिंक चुकली की चित्रही चुकते आणि चूक डोळ्यांनी सापडते.

ट्रीसाठी तीन लिस्ट लागतात : ‘मूल्य’, ‘डावा’, ‘उजवा’. ५०, ३०, ७०, २०, ४०, ६०, ८० या क्रमाने आकडे घातलेली सर्च ट्री (लहान आकडे डावीकडे, मोठे उजवीकडे) घेतली, तर ‘डावा’मध्ये २, ४, ६, ०, ०, ०, ० आणि ‘उजवा’मध्ये ३, ५, ७, ०, ०, ०, ० येईल. नवा नोड घालताना तिन्ही लिस्टमध्ये एकदमच नोंद करणारा एक ब्लॉक ‘माय ब्लॉक्स’मध्ये बनवा. तीन ‘अॅड’ सुटे वापरले की एक कधीतरी विसरतोच. तिन्ही लिस्टची लांबी सारखी आहे ना, हे तपासले की ही चूक लगेच कळते.

आता चित्र. स्टेज ४८० रुंद, ३६० उंच, मध्यबिंदू ०, ०. ‘काढ’ नावाचा ब्लॉक बनवा आणि त्याला चार इनपुट द्या : नोड, एक्स, वाय, अंतर. पहिली हाक (म्हणजे ब्लॉक चालवणे) नोड १, एक्स ०, वाय १५०, अंतर १२०. ब्लॉकच्या आतला क्रम असा :

नोड १ पेक्षा लहान असेल तर काहीही न करता परत. डावे मूल असेल तर पेन वर, एक्स-वायला जा, पेन खाली, ‘एक्स उणे अंतर’ आणि ‘वाय उणे ७०’ला जा, पेन वर. उजव्या मुलासाठी तसेच, फक्त ‘एक्स अधिक अंतर’. मग डाव्या मुलासाठी ‘काढ’ला पुन्हा हाक, नवी जागा आणि निम्मे अंतर देऊन. मग उजव्यासाठी. सगळ्यात शेवटी पुन्हा स्वतःच्या एक्स-वायला येऊन गोल ‘स्टॅम्प’ करा, म्हणजे त्याचा ठसा उमटवा. ही परत येण्याची पायरी गाळली तर सगळे गोल भलत्याच ठिकाणी उमटतात, कारण तोवर स्प्राइट (पडद्यावर हलणारे पात्र) खालच्या मुलांकडे फिरून आलेला असतो.

रेघांचा प्रश्न या क्रमातच सुटतो. पेनच्या रेघा आणि स्टॅम्प एकाच थरावर उमटतात, जे नंतर येते ते वर दिसते. मुलांकडे जाणाऱ्या रेघा आधी आणि स्वतःचा गोल शेवटी, म्हणून प्रत्येक गोल आपल्या रेघांची टोके झाकतो. म्हणजे तुमचे चित्र पोस्टऑर्डरनेच (आधी दोन्ही मुले, मग स्वतः) निघते. पोस्टऑर्डर कशाला लागते असे वर्गात कोणी विचारले तर हेच दाखवा.

या मापात वाय १५०, ८०, १०, उणे ६०, उणे १३० अशा पाच पातळ्या बसतात. पाचवीवर सोळा नोड येतात, शेजाऱ्यांत ३० पिक्सेल अंतर राहते, म्हणून गोल २४ पिक्सेलचा ठेवा. सहावी पातळी वाय उणे २०० वर म्हणजे स्टेजबाहेर जाते. स्क्रॅच स्प्राइटला पूर्ण बाहेर जाऊ देत नाही, काठाशीच अडवतो, त्यामुळे तिथे गोलांचा ढीग दिसतो. ट्री एका बाजूला लोंबणारी असेल तर ही निम्मे करण्याची पद्धत जागा वाया घालवते. तेव्हा इनऑर्डरने (डावे, मग स्वतः, मग उजवे) फिरून प्रत्येक नोडला आडवा क्रमांक द्या आणि एक्स = उणे २४० अधिक ४८० गुणिले क्रमांक भागिले (एकूण नोड अधिक १) असे काढा. एकाही नोडवर दुसरा नोड येत नाही.

आकडे लिहायला स्क्रॅचच्या पेनमध्ये ब्लॉक नाही. ० ते ९ चे दहा कॉस्च्यूम (स्प्राइटची चित्रे) करून एकेक अंक स्टॅम्प करावा लागतो. इथे एक खड्डा आहे. कॉस्च्यूमची नावे नुसती ०, १, २ ठेवली आणि ‘स्विच कॉस्च्यूम’मध्ये हिशोबातून आलेली संख्या घातली, तर स्क्रॅच तिला नाव न समजता कॉस्च्यूमचा क्रमांक समजतो. ५ मागितले की यादीतला पाचवा म्हणजे ४ चा कॉस्च्यूम उमटतो. नावे ‘अंक०’, ‘अंक१’ अशी ठेवा आणि ‘जॉइन’ने नाव बनवून द्या. दोन-तीन अंकी आकड्यात प्रत्येक अंक ९ पिक्सेलने सरकवा आणि ‘लेंथ’ वापरून मध्य साधा.

गोल रेघेच्या टोकापासून सरकलेला दिसत असेल, तर ब्लॉक तपासत बसू नका. कॉस्च्यूम एडिटरमध्ये गोल मध्यखुणेवर आहे का ते पाहा. बहुतेक वेळा तो नसतो.

प्रश्न : वरच्यासारख्याच ट्रीवर इनऑर्डर लावले. २०, ३०, ५० एवढेच छापून प्रोग्राम थांबतो. ट्री बरोबर आहे. डावीकडे जाण्याआधी उजव्या मुलाचा क्रमांक ‘बाकी’ या व्हेरिएबलमध्ये जपून ठेवतो. (विद्यार्थिनी, हडपसर)

बिघाड त्या जपून ठेवण्यातच आहे. स्क्रॅचमध्ये ब्लॉकपुरते व्हेरिएबल नसते. ‘फक्त या स्प्राइटसाठी’ असे निवडले तरी ते त्या स्प्राइटच्या सगळ्या हाकांना एकच असते. ५० वर असताना ‘बाकी’त ७० ची ओळ ठेवली. ३० वर गेल्यावर तिथेच ४० ची ओळ आली, २० वर गेल्यावर ०. परत येताना प्रत्येकाला ते ०च मिळाले, म्हणून ४० आणि सगळी उजवी बाजू गळाली.

ब्लॉकचे इनपुट मात्र प्रत्येक हाकेला वेगळे असते. त्यामुळे उपाय सोपा : ‘बाकी’ काढून टाका आणि उजवा क्रमांक लागेल तेव्हा ‘उजवा’ची ‘नोड’वी नोंद थेट वाचा. एखादा हिशोब खरोखरच जपायचा असेल तर तो इनपुट म्हणून पुढे द्या. उत्तर २०, ३०, ४०, ५०, ६०, ७०, ८० यायला हवे. प्रीऑर्डरला (आधी स्वतः, मग डावे, मग उजवे) ५०, ३०, २०, ४०, ७०, ६०, ८०, आणि पोस्टऑर्डरला २०, ४०, ३०, ६०, ८०, ७०, ५०.

रिकर्शन (ब्लॉकने स्वतःलाच हाक मारणे) नको असेल तर ‘थप्पी’ नावाची लिस्ट स्टॅक म्हणून वापरा, म्हणजे शेवटी ठेवलेले आधी काढायचे. प्रीऑर्डरला थप्पीत १ ठेवा. थप्पी रिकामी होईपर्यंत शेवटची नोंद व्हेरिएबलमध्ये घ्या, ती नोंद पुसा, मूल्य दाखवा, मग आधी उजवे आणि नंतर डावे मूल थप्पीत टाका. उलटे टाकले तर ट्री उजवीकडून वाचली जाते. नोंद वाचण्याआधी पुसणे ही दुसरी नेहमीची चूक.

जाता जाता : चित्र काढणाऱ्या ब्लॉकला ‘रन विदाउट स्क्रीन रिफ्रेश’ची खूण करा, नाहीतर रेघा रांगत उमटतात. फिरणे दाखवणाऱ्या ब्लॉकला ती करू नका. तिथे एकेक पाऊल दिसणे हाच हेतू आहे. नोड रंगवून अर्धा सेकंद ‘वेट’ पुरतो.

प्रश्न : स्नॅपमध्ये ट्रीची प्रत घेतली आणि प्रतीत बदल केला, तर मूळ ट्रीही बदलली. हा दोष आहे का? (वाचक, औंध)

दोष नाही. स्नॅप हे बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले, येन्स म्योनिग आणि ब्रायन हार्वी यांनी घडवलेले. त्यात लिस्ट ही आकड्यासारखीच स्वतंत्र वस्तू आहे : ती दुसऱ्या लिस्टमध्ये ठेवता येते, ब्लॉकला देता येते, ब्लॉकमधून परत घेता येते. पण ‘सेट ब टू अ’ केल्याने नवी लिस्ट होत नाही, त्याच लिस्टला दुसरे नाव मिळते. खरी प्रत हवी असेल तर रिकामी लिस्ट घेऊन ‘फॉर ईच’ने एकेक नोंद टाका. नोंद स्वतःच लिस्ट असेल, ट्रीमध्ये ती असतेच, तर तिचीही अशीच प्रत करावी लागते. म्हणजे प्रत घेणारा ब्लॉक स्वतःलाच हाक मारणारा हवा.

स्नॅपमध्ये ट्री करताना ‘आयटम १’, ‘आयटम २’ सगळीकडे पेरू नका. ‘नवी-ट्री’, ‘मूल्य-दे’, ‘डावी-दे’, ‘उजवी-दे’ असे चार ब्लॉक करून बाकीचे सगळे त्यांच्यावरच लिहा. उद्या नोडमध्ये रंगासाठी एक नोंद वाढवली तर बदल चारच जागी होतो. तात्पुरत्या किमतींना ‘स्क्रिप्ट व्हेरिएबल्स’ आहेत. ते हाकेपुरते असतात, त्यामुळे मागच्या प्रश्नातला घोळ इथे होत नाही. आणि पेनने मजकूर लिहायचा ‘राइट’ ब्लॉक आयताच मिळतो. दहावीच्या पुढच्या मुलांना ट्री शिकवायची असेल तर आम्ही स्क्रॅचपेक्षा स्नॅपच सुचवू.

प्रश्न : पुणे मेट्रोचा नकाशा ग्राफ (ठिकाणे आणि त्यांच्यातल्या जोडण्या) म्हणून घालून वनाज ते स्वारगेट रस्ता शोधायचा आहे. प्रोग्राम कधी संपतच नाही. (शिक्षक, पिंपरी)

स्थानकांची एक लिस्ट करा. जोडण्यांसाठी दोन लिस्ट : ‘पासून’ आणि ‘पर्यंत’. गाडी दोन्हीकडे धावते म्हणून प्रत्येक जोडणी दोनदा नोंदवायची. तुमचा प्रोग्राम न संपण्याचे कारण इथेच आहे. वनाजवरून आनंदनगर, आनंदनगरवरून पुन्हा वनाज, असे तो फेऱ्या मारतो. ‘कुठून’ नावाची आणखी एक लिस्ट स्थानकांइतकीच लांब करा, सगळीकडे ० भरा आणि सुरुवातीच्या स्थानकात त्याचा स्वतःचाच क्रमांक लिहा. ० असलेले स्थानक म्हणजे अजून न पाहिलेले.

‘रांग’ या लिस्टमध्ये वनाज टाका. रांग रिकामी होईपर्यंत पहिली नोंद घ्या, पुसा, ‘पासून’ लिस्ट पूर्ण चाळून त्या स्थानकाचे शेजारी शोधा. ज्या शेजाऱ्याचा ‘कुठून’ ० आहे त्यात आत्ताच्या स्थानकाचा क्रमांक लिहा आणि त्याला रांगेत उभे करा. खूण रांगेत टाकतानाच करायची, रांगेतून काढताना नव्हे. नाहीतर एकच स्थानक दोन वाटांनी दोनदा रांगेत येते. शेवटी स्वारगेटपासून ‘कुठून’ मागे-मागे वाचत जा आणि प्रत्येक नाव उत्तराच्या लिस्टमध्ये पहिल्या जागी ‘इन्सर्ट’ करा, म्हणजे क्रम सरळ होतो.

पडताळा : वनाज ते सिव्हिल कोर्ट आठ टप्पे, तिथे गाडी बदलून कसबा पेठ, मंडई, स्वारगेट असे तीन. एकूण अकरा. वनाज ते रामवाडी मार्गावर सोळा स्थानके आहेत. ती २८ पिक्सेल अंतराने आडवी मांडली तर उणे २१० ते २१० बसतात आणि नववे सिव्हिल कोर्ट एक्स १४ वर येते. दुसरा मार्ग तिथूनच उभा काढा. नावे एवढ्या जागेत मावत नाहीत, म्हणून फक्त चालू स्थानकाचे नाव ‘से’ने दाखवा.

एक गोष्ट मुलांकडून काढून घ्या. हे दोन मार्ग एकाच ठिकाणी छेदतात, म्हणजे नकाशात कुठेही वेटोळे नाही. तो खरे तर ट्रीच आहे आणि कोणत्याही दोन स्थानकांत एकच रस्ता आहे. रांगेऐवजी थप्पी वापरली तरी उत्तर तेच येते. त्यामुळे रुंदीने शोधणे (जवळची स्थानके आधी) आणि खोलीने शोधणे (एक वाट टोकापर्यंत) यातला फरक या नकाशावर दिसणारच नाही. तो दाखवायला डेक्कन ते स्वारगेट अशी बसची एक जोडणी घाला. आता रांग सहा टप्प्यांचा रस्ता देते. थप्पीतही खूण टाकतानाच केली तर सहाचाच येतो. स्वतःलाच हाक मारणाऱ्या ब्लॉकने खोलीने शोधले तर मात्र कोणता शेजारी आधी आला त्यावर कधी सहाचा, कधी अकराचा. दोन्ही उत्तरे टप्पे मोजतात, मिनिटे नव्हेत. स्टॉपवर बसची वाट पाहण्याचा वेळ त्यात नाही, हे पुणेकर मुलांना वेगळे सांगायला नको.

प्रश्न : लिस्टमध्ये आकडे ‘आस्क’ने घेतले. सर्च ट्री चुकीची बनते : १० हे ९ च्या डावीकडे जाते. (पालक, बिबवेवाडी)

मुलाने मराठी कीबोर्डवरून आकडे टाकले असणार. स्क्रॅच देवनागरी अंकांना संख्या मानत नाही, अक्षरे मानतो आणि शब्दकोशातल्यासारखा क्रम लावतो. म्हणून १ ने सुरू होणारे ९ च्या आधी येते. बेरीज करून पाहा, ५ अधिक १ चे उत्तर सहा येणार नाही. घेतलेल्या उत्तराला १ ने गुणून ते आलेल्या उत्तराइतकेच आहे का ते तपासा. नसेल तर पुन्हा विचारा.

प्रश्न : लॅबव्ह्यूमध्ये (तारा जोडून प्रोग्राम लिहायची भाषा) व्हाइल लूपमधून अॅरे बाहेर काढतो, पण शेवटचीच किंमत मिळते. आणि त्यात ट्री करता येईल का? (अभियांत्रिकी विद्यार्थी, पुणे)

लूपच्या काठावरच्या टनेलवर (किंमत बाहेर नेणारा चौकोन) राइट क्लिक करून टनेल मोड ‘इंडेक्सिंग’ करा. फॉर लूपमध्ये ते आपोआप असते, व्हाइल लूपमध्ये नसते, कारण तो किती वेळा फिरेल हे आधी माहीत नसते. तासन्‌तास चालणाऱ्या व्हाइल लूपवर मात्र हे लावू नका, अॅरे वाढतच जातो.

ट्री करता येते. क्लस्टरच्या (अनेक किमतींचा एक गठ्ठा) आत तोच क्लस्टर थेट ठेवता येत नाही, म्हणून क्लस्टरचा अॅरे घ्या आणि प्रत्येकात मूल्य, डावा क्रमांक, उजवा क्रमांक ठेवा. स्क्रॅचमधली तीन लिस्टचीच मांडणी. फरक एकच, पण महागात पडणारा : लॅबव्ह्यूचा अॅरे ० पासून सुरू होतो, त्यामुळे ० हा खरा नोड आहे. ‘मूल नाही’ यासाठी उणे १ वापरा. आणि किंमत बाहेर काढताना ‘अनबंडल बाय नेम’च घ्या. साध्या ‘अनबंडल’मध्ये क्लस्टरमधला क्रम बदलला आणि प्रकार तेच राहिले, तर तारा तुटत नाहीत. डावा आणि उजवा गुपचूप अदलाबदल होतात.